बिनपगारी प्रचारक: करोल बागेतून दिसणारा निवडणूक-स्वयंसेवकाचा इतिहास

१. प्रस्तावना

जानेवारी २०२५ मध्ये दिल्ली विधानसभेचा प्रचार ऐन भरात असताना तिसऱ्या वर्षाचा एक विद्यार्थी माझ्याकडे फॉर्म घेऊन आला. अभियांत्रिकीच्या पदवीसाठी सामाजिक उपक्रमांचे गुण लागतात, त्यासाठीचा तो फॉर्म होता. त्यात त्याने लिहिले होते, 'स्वयंसेवा: विधानसभा निवडणूक प्रचार, करोल बाग, बारा दिवस.' काम काय केलेस, असे विचारल्यावर त्याने सगळे सांगितले. सकाळी गल्लीगल्लीतून पत्रके वाटायची, संध्याकाळी पदयात्रेत चालायचे. दुपारचे जेवण आणि रोजचे पाचशे रुपये मिळत. 'पण सर, काम मी मनापासून केलं,' असेही तो म्हणाला.

पक्षीय प्रचाराला असे गुण द्यावेत का, हा प्रश्न बाजूला ठेवू. माझे पेन अडले ते 'स्वयंसेवा' या शब्दावर. पैसे घेऊन मनापासून केलेले काम स्वयंसेवा म्हणायचे का? आणि पैसे न घेता, पण मालकाच्या सांगण्यावरून केलेले? हा प्रश्न आपल्या निवडणूक कायद्यापुढे पहिल्या निवडणुकीपासून आहे. या टिपणात त्याचा इतिहास करोल बागेच्या आधाराने पाहू.

एक मुद्दा सुरुवातीलाच लक्षात ठेवावा. उमेदवाराच्या खर्चाला कायद्याने मर्यादा आहे, पण फुकट केलेल्या श्रमाला नाही. म्हणून स्वयंसेवक ही गरीब उमेदवाराची खरी पुंजी ठरते. आणि म्हणूनच पैसेवाल्याला आपली माणसे 'स्वयंसेवक' म्हणून दाखवण्याचा मोह होतो.

२. वस्ती आणि तिचे मतदार

१२ डिसेंबर १९११ रोजी राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला हलवण्याची घोषणा झाली. नव्या शहरासाठी ज्या गावांच्या आणि वस्त्यांच्या जमिनी गेल्या, तिथल्या अनेकांना करोल बाग परिसरात वसवण्यात आले. राजस्थानातून आलेल्या रेगर समाजाच्या नावाने रेगरपुरा ओळखला जातो. १९४७ नंतर पश्चिम पंजाबातून आलेली निर्वासित कुटुंबे इथे स्थिरावली आणि बाजारपेठेचा चेहरा बदलला. पुढे सराफी वाढली, तसे बंगाली सुवर्णकार आले. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडी भागातून सोने गाळण्याच्या धंद्यासाठी देशभर गेलेल्या मराठी गलाईवाल्यांपैकी काहीजण इथेही आले.

अशा वस्तीत प्रचार करणे म्हणजे एकाच गल्लीत तीन-चार भाषांत बोलणे. कोणते घर कोणत्या मजल्यावर आहे, कोण गावी गेले आहे, कुणाचे नाव यादीतून गळले आहे, ही माहिती भाड्याच्या माणसाकडे नसते. ती त्या गल्लीतल्या माणसाकडेच असते. स्थानिक स्वयंसेवकाची किंमत इथेच कळते.

३. कल्पनेचे मूळ: इंग्लंड, १८८३

निवडणूक खर्चाला मर्यादा घालण्याची कल्पना आपल्याकडे इंग्लंडमधून आली. एकोणिसाव्या शतकात तिथे उमेदवार शेकडो माणसे 'प्रचारक' म्हणून नेमत. बरेचदा ती नेमणूक म्हणजे मत विकत घेण्याची सभ्य पद्धत असे. १८८३ च्या भ्रष्ट व बेकायदेशीर प्रथा प्रतिबंधक कायद्याने खर्चाची कमाल मर्यादा ठरवली, पगारी माणसांची संख्या बांधून दिली आणि पैसे देऊन घरोघर प्रचार करून घेण्यावर बंदी घातली.

परिणाम असा झाला की पक्षांना बिनपगारी माणसे शोधावी लागली. त्याच वर्षी स्थापन झालेल्या प्रिमरोज लीगसारख्या संघटनांमधून हजारो लोक प्रचाराला बाहेर पडले. त्यांत स्त्रियाही होत्या, त्यांना स्वतःला संसदेसाठी मताचा हक्क नसताना. आधुनिक निवडणूक-स्वयंसेवक पुढे आला, त्यात उत्साहाइतकाच या खर्चमर्यादेचाही वाटा आहे.

४. पहिली निवडणूक आणि अमेठीचा खटला

भारताच्या १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात हा विचार दिसतो. त्याच्या मूळ कलम ७७ नुसार खर्चाच्या कमाल मर्यादेबरोबरच, निवडणुकीच्या कामासाठी पैसे देऊन किती माणसे ठेवता येतील हेही नियमांनी ठरायचे होते. त्याहून जास्त माणसे ठेवणे हा निवडणूक रद्द होण्याजोगा दोष होता.

१९५२ च्या सुरुवातीला दिल्लीने पहिली विधानसभा निवडली. एकूण ४८ जागा आणि ४२ मतदारसंघ होते, कारण त्यांतले सहा मतदारसंघ द्विसदस्यीय होते. काँग्रेसने ३९ जागा जिंकल्या आणि चौधरी ब्रह्मप्रकाश मुख्यमंत्री झाले. मतदानाचे वय २१ होते. मतदान केंद्रात प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी आणि तिच्यावर त्याचे चिन्ह असे. मतपत्रिका आपल्या पसंतीच्या पेटीत टाकायची. बहुसंख्य मतदार निरक्षर असलेल्या देशात प्रचारकाचे अर्धे काम शिक्षकाचेच होते: चिन्ह ओळखायला शिकवायचे, यादीतले नाव शोधून द्यायचे, आणि मत गुप्त राहते याची खात्री पटवायची.

'स्वयंसेवक कोण?' हा प्रश्न त्याच निवडणुकीतून सर्वोच्च न्यायालयात गेला, तो मात्र उत्तर प्रदेशातल्या अमेठीहून. रणंजय सिंह विधानसभेवर निवडून आले होते. त्यांच्या वडिलांच्या इस्टेटीचे व्यवस्थापक, वीस जिलेदार आणि त्यांचे शिपाई त्यांच्या प्रचारात राबले होते. विरोधकांचे म्हणणे असे की ही सगळी पगारी माणसे आहेत, म्हणून संख्येची मर्यादा मोडली. १९५४ मध्ये न्यायालयाने ते मान्य केले नाही. पगार वडील देत होते आणि तो इस्टेटीच्या कामासाठी होता. निवडणुकीपुरती ही माणसे स्वयंसेवकच, असा निर्णय झाला. श्रीमंत नातेवाईक असलेल्याला यातून गैरफायदा मिळतो, या युक्तिवादावर न्यायालयाचे उत्तर थोडक्यात असे होते: कायद्याच्या आत्म्याचा शोध हा भरवशाचा मार्ग नाही, आम्ही शब्द पाहतो, त्रुटी असेल तर ती संसदेने दूर करावी.

जमीनदाराच्या जिलेदाराला 'नाही' म्हणण्याची कितपत मोकळीक होती, हे ज्याचे त्याने ठरवावे. पगार न घेणे आणि स्वेच्छेने काम करणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. कायद्याने पहिली तपासली, दुसरी तपासली नाही. १९५६ च्या दुरुस्तीत तर पगारी माणसांच्या संख्येची अट निघून गेली आणि खर्चाचा हिशेब व त्याची एकूण मर्यादा एवढेच राहिले.

५. विधानसभा नसलेली दिल्ली आणि 'सदर'चा निकाल

राज्य पुनर्रचनेनंतर, १ नोव्हेंबर १९५६ पासून, दिल्लीची विधानसभाच राहिली नाही. १९५८ मध्ये महानगरपालिका आली. १९६६ च्या कायद्याने महानगर परिषद आली, पण तिला केवळ सल्ला देण्याचा अधिकार होता. १९९३ पर्यंत करोल बागेतल्या कार्यकर्त्याला विधानसभेसाठी मत मागण्याची संधीच नव्हती. तो पालिकेसाठी, परिषदेसाठी आणि करोल बाग या तेव्हाच्या राखीव लोकसभा मतदारसंघासाठी फिरत राहिला.

याच काळात महाराष्ट्रात बिनपगारी प्रचाराचे मोठे उदाहरण घडले. १९५७ च्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्र समितीमागे जी माणसे उभी राहिली, ती चळवळीतून आली होती. अमर शेख, अण्णा भाऊ साठे, गवाणकर यांच्या शाहिरीने जी गर्दी जमवली, तिचा हिशेब कुठल्याही खर्चाच्या वहीत मावणारा नव्हता.

दिल्लीत मात्र याच्या उलटा प्रश्न उभा राहिला. १९७१ च्या लोकसभा निवडणुकीत दिल्ली सदरमधून अमरनाथ चावला विजयी झाले. पराभूत उमेदवार कंवरलाल गुप्ता न्यायालयात गेले. पक्षाने उमेदवारासाठी केलेला खर्च उमेदवाराच्या हिशेबात धरायचा का, हा मुद्दा होता. ऑक्टोबर १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, उमेदवाराला माहीत असताना आणि त्याने आक्षेप न घेता पक्षाने त्याच्यासाठी खर्च केला, तर तो त्याचाच मानला जाईल. चावलांची निवड रद्द झाली. पण त्याच वर्षी आधी अध्यादेशाने आणि मग कायद्याने कलम ७७ ला स्पष्टीकरण जोडले गेले: पक्षाने किंवा इतर कुणी केलेला खर्च उमेदवाराचा धरला जाणार नाही. निकालाचा अर्थ काही आठवड्यांत पुसला गेला.

२००३ च्या दुरुस्तीने ही सूट आवळून ती मुख्यतः पक्षनेत्यांच्या प्रवासखर्चापुरती ठेवली. मधली २९ वर्षे मात्र खर्चमर्यादा बरीचशी कागदावरच होती. ज्याच्या पक्षाकडे पैसा होता त्याला स्वयंसेवकांची तेवढी गरज उरली नाही.

६. १९९३ ते २०२५

१९९१ च्या ६९ व्या घटनादुरुस्तीने दिल्लीला पुन्हा विधानसभा मिळाली, आता ७० जागांची. पहिली निवडणूक नोव्हेंबर १९९३ मध्ये झाली. करोल बाग हा अनुसूचित जातींसाठी राखीव मतदारसंघ. तिथून भारतीय जनता पक्षाचे सुरेंद्रपाल रातावाल निवडून आले. तोवर ६१ व्या दुरुस्तीने मतदानाचे वय १८ झाले होते, म्हणजे महाविद्यालयीन विद्यार्थी आता स्वतः मतदारही होता. शेषन यांच्या काळात आचारसंहितेची अंमलबजावणी कडक झाली. भिंती रंगवणे आणि रात्रभर भोंगे लावणे यांना आळा बसला आणि घरोघर जाणाऱ्या माणसाचे महत्त्व पुन्हा वाढले.

२०१३ मध्ये, स्थापनेला जेमतेम एक वर्ष झालेल्या आम आदमी पक्षाने स्वयंसेवकांच्या बळावर निवडणूक लढवली. काहींनी नोकरीतून रजा काढली, काहींनी परदेशातून फोन करून मते मागितली. करोल बागेत त्या पक्षाचे विशेष रवी निवडून आले. २०१५, २०२० आणि २०२५ मध्येही तेच आले. २०२५ मध्ये राज्यात भाजपने ४८ जागा जिंकल्या, तरी इथला निकाल वेगळा लागला. दुसऱ्या बाजूला भाजपने मतदारयादीच्या एकेका पानासाठी एक कार्यकर्ता, म्हणजे 'पन्ना प्रमुख', ही रचना उभी केली. दोन्ही पद्धतींचा आधार एकच: ओळखीच्या माणसाने दार ठोठावणे.

७. आजचा नियम काय सांगतो?

प्रचाराला जाऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्यांनी पुढील गोष्टी माहीत करून घ्याव्यात.

- दिल्लीत विधानसभेच्या उमेदवाराची खर्चमर्यादा सध्या ४० लाख रुपये आहे. कार्यकर्त्यांना दिलेले मानधन त्यात धरले जाते. पैसे घेऊन प्रचार करणे आपल्याकडे गुन्हा नाही. ती रक्कम हिशेबात न दाखवणे हा दोष आहे.
- स्वखर्चाने उमेदवाराची पत्रके छापायची असतील तर त्याची लेखी परवानगी लागते. १९२० मध्ये दंडसंहितेत आलेल्या या तरतुदीचा दंड ५०० रुपयांपर्यंत होता. भारतीय न्याय संहितेत तो दहा हजारांपर्यंत गेला. दहा रुपयांपर्यंतच्या खर्चाला दहा दिवसांत मागाहून लेखी मान्यता घेता येते. दहा रुपयांची ही सवलत शंभर वर्षांत वाढलेली नाही.
- पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशक यांची नावे व पत्ते हवेत.
- मतदान संपण्यापूर्वीच्या ४८ तासांत जाहीर प्रचार बंद होतो आणि मतदारसंघाचे मतदार नसलेल्या बाहेरच्या कार्यकर्त्यांना तिथून निघावे लागते. ज्या गलाई कामगाराचे नाव अजून गावच्या यादीत आहे, तो करोल बागेत पत्रके वाटू शकतो, पण तिथे मत देऊ शकत नाही.
- सरकारी नोकराने उमेदवाराचा निवडणूक, मतदान किंवा मतमोजणी प्रतिनिधी होणे हा तीन महिन्यांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे.

८. समारोप

या इतिहासात कायद्याने स्वयंसेवकाची व्याख्या बहुधा पैशाच्या बाजूने केली. ज्याला पैसे दिले नाहीत तो स्वयंसेवक. अमेठीच्या जिलेदाराला तो शब्द मिळाला, माझ्या विद्यार्थ्याला मिळत नाही. जिलेदारावर मालकाचा धाक होता. विद्यार्थ्याला तो उमेदवार खरोखरच पटला होता. ही विसंगती आपण मान्य करायला हवी.

तरीही मी त्याच्या फॉर्मवर सही केली नाही. त्याला म्हटले, 'स्वयंसेवा' खोडून 'मानधनावर प्रचारकार्य' असे लिही. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. ते पाचशे रुपये उमेदवाराच्या हिशेबात लिहिले गेले असतील, तर तू आणि तो दोघेही कायद्यात आहात. पण तू स्वतःला स्वयंसेवक म्हणवलेस, तर ते पैसे हिशेबातून गायब होण्याची वाट तूच मोकळी करून देतोस. शिवाय त्याच गल्लीत एखादा पैसे नसलेला उमेदवार खऱ्या स्वयंसेवकांच्या जोरावर उभा असेल, तर त्याची एकमेव पुंजी तू खोटी पाडतोस.

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, 'सर, गुण नाही मिळणार ना मग?' मी म्हटले, 'नाही मिळणार.' त्याने फॉर्म परत नेला. दोन दिवसांनी तो शब्द बदलून आणला आणि गुणांचा रकाना रिकामा ठेवला. त्यावर मी सही केली.

विचारार्थ प्रश्न

१. पगारी माणसांच्या संख्येवरची मर्यादा १९५६ मध्ये गेली. ती आज परत आणली, तर लाभ कोणत्या उमेदवारांना होईल?

२. अमेठीच्या खटल्यात तुम्ही न्यायाधीश असता, तर जिलेदारांना स्वयंसेवक मानले असते का? कारणे द्या.

३. पक्षाच्या एकूण खर्चाला आजही मर्यादा नाही. अशा वेळी उमेदवाराच्या खर्चमर्यादेला कितपत अर्थ उरतो?