मुंबई ते लंडन : सतरा सेंटिमीटरचा दोरा

ओझरला १९६४ साली मिग विमानांचा कारखाना आला, तेव्हापासून नाशिकच्या मुलांना विमानाचे फारसे नवल राहिलेले नाही. तरीही ‘मुंबईहून लंडन किती लांब?’ असे विचारले, की ती भिंतीवरच्या नकाशाला पट्टी लावतात. ती रेघ इराणच्या आखाताच्या टोकाजवळून जाते. आता ३० सेंटिमीटर व्यासाच्या पृथ्वीगोलावर दोरा ताणून धरा. तो उत्तरेकडे सरकतो : बलुचिस्तान, इराण, अझरबैजान, काळा समुद्र. लांबी भरते १७ सेंटिमीटर, म्हणजे सुमारे ७,२०० किलोमीटर. (नाशिक-मुंबई हे अंतर या गोलावर जेमतेम ३ मिलिमीटर!)

अंतराला वेगाने भागले की वेळ मिळावा. इतिहास मात्र तसे सांगत नाही.

मार्च १९२९ मध्ये इंपीरियल एअरवेजने लंडन-कराची सेवा सुरू केली. मार्ग सुमारे ८,००० किलोमीटरचा, विमानाचा वेग ताशी १५० किलोमीटरच्या आसपास. म्हणजे ५३ तास पुरेत. लागत सात दिवस! विमाने रात्री मुक्काम करीत. शिवाय बाझेल ते जिनोआ हा टप्पा चक्क आगगाडीचा होता आणि पुढे भूमध्य समुद्र ओलांडायला पाण्यावर उतरणारे विमान. कराचीत उतरलेली टपाल अहमदाबादमार्गे मुंबईला विमानाने आणली ती जे. आर. डी. टाटांनी, १५ ऑक्टोबर १९३२ रोजी, छोट्याशा पस मॉथमधून.

८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे कॉन्स्टेलेशन विमान ३५ प्रवासी घेऊन लंडनला निघाले. इंधनासाठी कैरो आणि जिनीव्हा येथे थांबे होते. हाच मार्ग गोलावर मोजला, तर दोरा १७ ऐवजी साडेअठरा सेंटिमीटर लागतो : सुमारे ७,९०० किलोमीटर. १९६० साली बोइंग ७०७ आले आणि वेग ताशी ९०० किलोमीटरच्या घरात गेला.

वेग वाढला म्हणून मार्ग मोकळा झाला, असे नाही. फेब्रुवारी ते जुलै १९१९ नव्हे, अगदी अलीकडे २०१९ मध्ये, पाकिस्तानने आपले आकाश बंद ठेवले आणि पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानांना अरबी समुद्रावरून वळसा घ्यावा लागला. दोऱ्याची लांबी तीच. प्रवासाचा वेळ वाढला.

एक प्रश्न वर्गात हमखास येतो. लंडनला जाण्यापेक्षा परत येताना कमी वेळ का लागतो? ‘पृथ्वी फिरते म्हणून’ हे उत्तर आम्ही मोठ्यांकडूनही ऐकले आहे. पण पृथ्वीबरोबर हवाही फिरते, विमानतळही फिरतो. खरे कारण आहे सुमारे दहा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जोरदार वारे. येताना ते विमानाच्या पाठीशी असतात, जाताना तोंडावर.