काट्यावरचा आकडा आणि आतड्यातलं पाणी

माझ्या एका आत्याची वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झाली, तेव्हा पहिले काही महिने तिचा सकाळचा फोन ठरलेला असायचा. "अगं, काल 700 ग्रॅम उतरलं होतं, आज परत चढलं. मी तर काही खाल्लंच नाही!" मी वैद्यकाच्या इतिहासात पीएच.डी. करते, त्यामुळे घरच्यांना मी अर्धी डॉक्टर वाटते. तशी मी नाही. पण तिचा प्रश्न माझ्या विषयातलाच निघाला: काटा नेमकं काय मोजतो?

एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. शरीर साठवणीतली साखर (ग्लायकोजेन) ठेवतं, तेव्हा दर ग्रॅममागे साधारण तीन ग्रॅम पाणीही धरून ठेवतं. खाणं एकदम घटलं की ही साठवण संपते आणि ते पाणी लघवीवाटे जातं. पहिल्या आठवड्यातली भराभर घट त्यामुळे सगळी चरबीची नसते. पुढचे रोजचे चढउतारही बरेचसे पाण्याचेच. आज हे कुठलाही आहारतज्ज्ञ सांगेल. या शस्त्रक्रियेच्या सुरुवातीच्या काळात मात्र पाण्याने भलताच हिशेब चुकता केला.

1954 साली मिनेसोटाच्या क्रेमेन, लिनर आणि नेल्सन यांनी कुत्र्यांवरच्या प्रयोगांचा निबंध छापला. लहान आतड्याचा कोणता भाग पोषणासाठी किती लागतो, हा त्यांचा प्रश्न. त्यातूनच पुढे विचार आला, की आतड्याचा मोठा भाग वाटेतून बाजूला काढला तर खाल्लेलं अंगी लागणार नाही. लॉस एंजेलिसमध्ये पेन आणि डीविंड यांनी लहान आतड्याची सुरुवात थेट मोठ्या आतड्याला जोडली. 1963 च्या त्यांच्या निबंधात अशा 10 रुग्णांची हकीगत आहे. वजन उतरलं, यात शंका नाही. पण सोबत न थांबणारे जुलाब, शरीरातलं पाणी आणि क्षार यांची ओढ. मूळ बेत असा होता, की वजन हवं तेवढं उतरलं की जोडणी पूर्ववत करायची. ती पूर्ववत केली आणि वजन परत वाढलं!

मग 1969 मध्ये त्यांनी सुधारित पद्धत मांडली. वरच्या आतड्याचे सुमारे 35 सेंटिमीटर आणि शेवटच्या टोकाचे 10 सेंटिमीटर एवढंच वापरात ठेवायचं. ही पद्धत बरीच चालली. आता इथे जरा थांबा, कारण पाण्याचा मुद्दा इथेच आहे. आपण दिवसाला दोनेक लिटर पितो, पण लाळ, जठररस, पित्त वगैरे मिळून आतड्यात रोज आठ-नऊ लिटर द्रव येतो आणि तो जवळजवळ सगळा परत शोषला जातो. शोषणारी लांबीच काढून घेतली तर? शिवाय न पचलेली चरबी आतड्यातलं कॅल्शियम अडकवून ठेवते. एरवी कॅल्शियमला चिकटून बाहेर पडणारं ऑक्झलेट मग मोकळं राहतं, रक्तात जातं आणि मूत्रपिंडात पोचतं. तिथे पाणी आधीच कमी, लघवी घट्ट. म्हणजे मूतखडे, काहींची तर मूत्रपिंडंच निकामी. यकृताचे त्रास वेगळेच. 1980 च्या आसपास ही पद्धत मागे पडली. आधी काट्यावर जे यश दिसलं, त्याची किंमत रुग्णांनी पुढे कित्येक वर्षं मोजली.

दुसरी वाट आयोवा विद्यापीठातल्या एडवर्ड मेसनची. अल्सरसाठी जठराचा मोठा भाग काढलेल्या रुग्णांचं वजन वाढत नाही, हे निरीक्षण जुनंच होतं. त्यावरून त्याने इटोसोबत 1966 मध्ये जठराचा बायपास केला आणि 1967 मध्ये निबंध लिहिला. यात पाण्याचा प्रश्न उलटा झाला. पाणी बाहेर जाण्यापेक्षा आत जाणंच अवघड. जठराची पिशवी इवलीशी, एका दमात ग्लासभर पाणी पिणं शक्यच नाही. म्हणून आजचा सल्ला असा, की दिवसभर घोट घोट करत दीड लिटर किंवा जास्त प्यायचं, आणि जेवणासोबत नाही. ऐकायला सोपं वाटतं. पण शस्त्रक्रियेनंतर पहिल्या काही आठवड्यांत रुग्ण परत दवाखान्यात येतात त्याच्या नेहमीच्या कारणांत शरीर कोरडं पडणं हे एक आहे. आत्याचंही तेच झालं. काटा चढेल या धास्तीने तिने पाणीच कमी केलं, चक्कर येऊन पडली आणि सलाईन लावावं लागलं. त्या दिवशी काट्यावरचा आकडा मात्र छान उतरलेला होता.

आता संशोधनाच्या तयारीत असलेल्यांसाठी. रोजचा आकडा जसा फसवतो, तसा पहिल्या वर्षाचाही फसवू शकतो. स्वीडनमध्ये 1987 पासून एसओएस नावाचा अभ्यास सुरू झाला. शस्त्रक्रिया झालेले 2010 आणि न झालेले 2037 लोक. 2007 चा निबंध काढून बघा. बायपास झालेल्यांचं वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी 32 टक्के उतरलं, दहा वर्षांनी ही घट 25 टक्क्यांवर स्थिरावली. 150 किलोच्या माणसासाठी हिशेब करा: 48 किलो गेले, त्यातले दहाएक परत आले. अभ्यास वर्षभरातच गुंडाळला असता तर हे दिसलंच नसतं. आणि दहा किलो परत आले म्हणून उपचार फसला असंही नाही, कारण त्याच निबंधात शस्त्रक्रिया झालेल्या गटात मृत्यूही कमी दिसतात, 129 विरुद्ध 101.

पण एवढ्यावर खूश होऊन निबंध मिटू नका. त्या 2010 पैकी बायपास झालेले फक्त 265, बाकीच्यांवर दुसऱ्या पद्धती वापरल्या होत्या. आणि हे दोन गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नाहीत, जुळवून घेतलेले आहेत. 1980 च्या दशकात या शस्त्रक्रियांमध्ये मृत्यूचा धोका इतका मानला जाई, की कोणावर शस्त्रक्रिया होणार हे चिठ्ठीवर सोडायला नीतिसमित्या तयार नव्हत्या. मौखिक परीक्षेत हा प्रश्न मला विचारला गेला होता, तुम्हालाही विचारतील.