पडद्यावरील आखाडा

खेळाची पारख विजयावरून करण्याची रीत सर्वत्र आहे. परंतु आमच्या मतें कोणत्याहि खेळाचा खरा स्वभाव कळतो तो पराभवाच्या वेळीं. पत्त्यांच्या डावांत हरलेला मनुष्य पानांना दोष देतो. क्रिकेटांत हरलेला सोबत्यांना, खेळपट्टीला किंवा पंचाला देतो. बुद्धिबळांत मात्र दोष देण्यास दुसरें कोणी उरत नाहीं. व्हिडिओ गेमच्या विस्तीर्ण कुळांत या बाबतींत बुद्धिबळाशीं नातें सांगणारी एक शाखा आहे. तिला ‘फायटिंग गेम’ म्हणतात. पडद्यावर दोन योद्धे समोरासमोर, सोबतीला कोणी नाहीं, ठराविक सेकंदांची फेरी, आणि नशिबाला जवळजवळ मज्जाव. ‘मुलांचा वेळ खाणारा गलबला’ एवढ्या शब्दांत सुशिक्षित कुटुंबांत या खेळाची बोळवण होते. त्याचा इतिहास थोडक्यांत सांगावा, आणि तो खेळतांना जो उद्वेग होतो त्याचे दोन अगदीं भिन्न प्रकार वेगळे करून दाखवावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

जपानांतील ओसाका येथील कॅपकॉम कंपनीनें १९८७ सालीं ‘स्ट्रीट फायटर’ हा खेळ आर्केडांत, म्हणजे नाणें टाकून खेळावयाच्या यंत्रांच्या दुकानांत, आणला. ताकाशी निशियामा व हिरोशी मात्सुमोतो हे त्याचे कर्ते. त्याची चाल जड होती, आणि त्यांतील विशेष डाव खेळाडूच्या हातून क्वचितच साधत. खरी क्रांति झाली ती १९९१ सालीं. अकिरा निशितानी व अकिरा यासुदा यांनीं रचलेल्या ‘स्ट्रीट फायटर २’ मध्यें निवडण्यास आठ योद्धे होते. प्रत्येकाची देहयष्टि निराळी व लढण्याची रीत निराळी. त्यांत धालसिम नांवाचा एक भारतीय योगीहि आहे. गळ्यांत कवट्यांची माळ, रबरासारखे लांबणारे हातपाय, तोंडांतून अग्नीचे लोट! आपल्या योगविद्येचें हें ध्यान पाहून हंसावें कीं रागवावें हें कळेनासें होतें. तथापि प्रतिपक्षास दूरच थोपवून धरण्याची जी युद्धनीति त्या पात्रांत घातली आहे ती मोठी मार्मिक आहे, हें कबूल केलें पाहिजे.

या खेळाचा सर्वांत प्रसिद्ध गुण अपघातानेंच जन्मास आला. मध्यंतरीच्या एका फेरींत उभी मोटार ठोसे मारून फोडावयाची असे. ती फेरी तपासतांना नोरिताका फुनामिझु यांच्या ध्यानांत आलें कीं, वेळ अचूक साधली तर एका ठोशामागून दुसरा ठोसा मध्यें अवकाश न राहतां लागूं शकतो. ही गोष्ट इतकी दुःसाध्य वाटली कीं, ती काढून टाकण्याऐवजीं तशीच राहूं दिली. खेळाडूंनीं ती हुडकून काढली, तिचा अभ्यास केला, आणि ‘कॉम्बो’ या नांवानें ती पुढील सर्व फायटिंग गेमांचा पाया होऊन बसली.

आतां या द्वंद्वाची आंतली घडण पाहूं. पडद्यावरील चित्र सेकंदाला साठ वेळां बदलतें. त्या एकेका चित्रास फ्रेम म्हणतात. ठोसा उगारण्यास किती फ्रेम लागतात, तो चुकल्यास सावरण्यास किती, याचें गणित ठरलेलें असतें. मारा अडवितां येतो. नुसता अडवीत बसणारास धरून फेकतां येतें. आणि फेकावयास पुढें सरसावलेल्यास ठोसा देतां येतो. म्हणजे प्रत्येक डावाला तोड आहे, आणि त्या तोडीलाहि तोड आहे. तालमींतला वस्ताद पट्ठ्यास जें शिकवितो तेंच येथें शिकावें लागतें: प्रतिस्पर्ध्याच्या हाताकडे पाहूं नये, त्याच्या मनाकडे पाहावें.

याचें प्रसिद्ध उदाहरण २००४ सालचें आहे. कॅलिफोर्नियांतील पोमोना येथें भरलेल्या ‘इव्हो’ या स्पर्धेंत जपानचा दाइगो उमेहारा व अमेरिकेचा जस्टिन वोंग यांचा सामना ‘स्ट्रीट फायटर ३ : थर्ड स्ट्राइक’ या खेळांत जुंपला. उमेहाराच्या योद्ध्यांत प्राण असा नांवालाच उरला होता. वोंगनें पंधरा आघातांचा महाडाव सोडला. तो साध्या रीतीनें अडविला असतां तरी अडवितांना होणाऱ्या किंचित् हानीनेंच उमेहारा संपला असता. परंतु या खेळांत आघात लागण्याच्या नेमक्या क्षणीं दांडा पुढें ढकलला तर ती हानीहि टळते. उमेहारानें पंधराहि आघात तसे परतविले, आणि उलट डाव करून फेरी जिंकली. प्रेक्षकांनीं केलेला जल्लोष चित्रफितींत आजहि ऐकूं येतो. आम्हांस त्यांत बोटांच्या चपळाईहून अधिक मोलाची वाटते ती वाट पाहण्याची तयारी. कारण महाडाव सुटणार हें त्यानें आधींच ताडलें होतें.

अशा खेळांत नवख्यास उद्वेग होणें अपरिहार्य आहे. शेंकडों वेळां हरावें तेव्हां कोठें आपण कां हरतों तें कळूं लागतें. हा पहिल्या प्रकारचा उद्वेग होय. तो व्याकरण शिकणारास होतो, सतार शिकणारास होतो. त्यास आम्ही दोष मानीत नाहीं. हरलेल्याचें बोट अखेर स्वतःकडेच वळतें, आणि तेथूनच शिक्षणास आरंभ होतो. परंतु यास एक अट आहे: साधन प्रामाणिक असलें पाहिजे. बटण योग्य क्षणीं दाबूनहि डाव पडला नाहीं, तर त्या पराभवापासून कोणी काय शिकावें? हा दुसऱ्या प्रकारचा उद्वेग. आणि तो खेळ घरोघर जाऊन इंटरनेटवरून खेळला जाऊं लागला तेव्हांपासून विशेष वाढला. आर्केडांत प्रतिस्पर्धी खांद्याला खांदा लावून उभा असे. आतां तो हजार कोस दूर असतो, आणि त्याची चाल येऊन पोंचण्यास वेळ लागतो. पूर्वींची व्यवस्था अशी कीं, ती पोंचेपर्यंत दोघांचाहि खेळ थबकावा. अमेरिकेंतील टोनी कॅनन यांनीं २००६ च्या सुमारास ‘जीजीपीओ’ या नांवानें निराळी युक्ति पुढें आणली. यंत्रानें थांबूं नये. प्रतिस्पर्धी काय करील याचा अंदाज बांधून पुढें जावें, आणि अंदाज चुकला तर क्षणार्धांत मागें येऊन चित्र दुरुस्त करावें. यास ‘रोलबॅक’ म्हणतात.

या दोन्ही उद्वेगांची गांठ एका ठिकाणीं पाहावयाची असेल तर फेब्रुवारी २०१६ मध्यें निघालेला ‘स्ट्रीट फायटर ५’ पाहावा. त्याचे गुण मोठे होते. मागील खेळांतले अतिशय अरुंद वेळेचे कॉम्बो त्यानें सैल केले. प्रत्येक योद्ध्यास स्वतःची अशी खास विद्या दिली. प्लेस्टेशनवाला व संगणकवाला यांस एकाच आखाड्यांत उतरविलें. परंतु आखाडा बांधून झाला आणि त्यास दार ठेवावयाचें राहिलें! सोळा योद्धे होते, पण एकट्यानें क्रमाक्रमानें लढत जाण्याचा जुना ‘आर्केड मोड’ त्यांत नव्हता. आरंभीचे दिवस सर्व्हरच्या बिघाडांत गेले. हरूं लागतांच जोडणी तोडून पळणारास पुरेसें शासन नव्हतें. बटण दाबल्यापासून पडद्यावर परिणाम दिसेपर्यंत सुमारें आठ फ्रेम, म्हणजे सेकंदाच्या सातव्या हिश्श्याहून थोडा कमी, विलंब लागे. फ्रेमचा हिशेब करणाऱ्या या खेळांत तो लहान नव्हे. मार्च २०१६ अखेर वीस लाख प्रती जाव्या अशी कंपनीची अपेक्षा होती. चौदा लाख गेल्या.

पुढें डागडुजी झाली. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यांत कथाभाग आला. ‘आर्केड मोड’ येण्यास जानेवारी २०१८ उजाडला. रोलबॅकची व्यवस्था होती, पण ती दोहों बाजूंस सारखी चालत नसे. एकाचें चित्र सुरळीत, तर दुसऱ्याचा योद्धा भुतासारखा जागा बदले. अखेर जानेवारी २०२० मध्यें संगणकावर खेळणाऱ्या एका खेळाडूनें आपल्याच हिमतीवर दुरुस्ती प्रसिद्ध केली, आणि पुढच्याच महिन्यांत कंपनीनें आपली दुरुस्ती दिली. चार वर्षें कित्येकांनीं पराभव सोसले, आणि त्यांतले आपले कोणते व यंत्राचे कोणते हें त्यांस कळलें नाहीं. आमच्या मतें या खेळाचा खरा अपराध हाच होय. योद्ध्यांची संख्या ही त्यामानानें गौण बाब आहे.

जून २०२३ मध्यें आलेल्या ‘स्ट्रीट फायटर ६’ नें या अनुभवापासून बोध घेतलेला दिसतो. अठरा योद्धे, एकट्यानें हिंडून शिकण्यास एक स्वतंत्र नगरी, चांगला रोलबॅक, आणि ‘मॉडर्न’ नांवाची नियंत्रणाची सोपी रीत त्यांत आहे. जो डाव साधण्यास पूर्वीं दांडा ठराविक वळणानें फिरवावा लागे तो या रीतींत एका बटणानें साधतो. मात्र त्याचा मार वीस टक्क्यांनीं कमी होतो. यावर जुन्या खेळाडूंचा आक्षेप असा कीं, कष्टांवांचून मिळालेल्या डावाला किंमत काय? आक्षेप अगदींच पोकळ नाहीं. बोटांची साधना हाहि या कलेचा एक भाग आहे, आणि एका बटणाचें उत्तर वळणाच्या उत्तराहून लवकर येतें हेंहि खरें. परंतु वर्णमाला सोपी केल्यानें काव्य सोपें होत नाहीं. प्रतिपक्षाचें मन ओळखण्याचें काम कोणतेंहि बटण करीत नाहीं, आणि हा खेळ तर तेथेंच सुरू होतो.

ज्या घरीं मुलगा हरून हातांतला कंट्रोलर आपटतो, त्या घरच्या वडीलधाऱ्यांनीं खेळ बंद करण्यापूर्वीं त्यास एवढेंच विचारावें: तूं कशानें हरलास? ‘त्यानें उडी मारली तेव्हां मीं गडबडलों’ असें उत्तर आलें तर त्यास खुशाल आणखी एक फेरी खेळूं द्यावी. तो शिकत आहे. ‘मीं दाबलें, पण त्यानें घेतलेंच नाहीं’ असें उत्तर आलें, आणि तें खरें असलें, तर राग मुलावर काढूं नये. खेळ रचणारानें आपला वाटा पुरा केलेला नसतो, आणि त्याची भरपाई कोणत्याहि सरावानें होत नाहीं.