भाषार्जन : अनुकरण व प्रबलन

मूल मोठ्यांचे ऐकून बोलते आणि बोलल्यावर दाद मिळते म्हणून पुन्हा बोलते, ही भाषार्जनाची वर्तनवादी उपपत्ती. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी ती ‘व्हर्बल बिहेविअर’ (१९५७) या ग्रंथात सविस्तर मांडली. अपेक्षित वर्तनामागोमाग काहीतरी हवेसे मिळाले की ते वर्तन वाढते, यालाच प्रबलन म्हणतात.

‘मम्मं’ म्हटले की भाताचा घास मिळतो. कुत्र्याकडे बोट दाखवून ‘भूभू’ म्हटले की कौतुक होते. मांजराला म्हटले तर होत नाही. पहिल्या शब्दांपुरते हे पटण्यासारखे आहे.

व्याकरणाशी मात्र गाडी अडते. नोम चॉम्स्की यांनी १९५९ मध्ये स्किनरच्या ग्रंथाचे कठोर परीक्षण केले. पण त्या तात्त्विक वादापेक्षा घरातले बोलणे अधिक बोलके ठरले. रॉजर ब्राउन आणि कॅमिल हॅन्लन यांनी १९७० मध्ये दाखवले, की आईवडील व्याकरण फारसे सुधारत नाहीत, विधान खरे की खोटे तेवढे पाहतात. ईव्ह या मुलीने आईसाठी पुल्लिंगी सर्वनाम वापरून ती मुलगी असल्याचे सांगितले, तर आईने ‘बरोबर’ म्हणून दुजोरा दिला! अशा प्रबलनाने चुकाच पक्क्या व्हायला हव्या होत्या. तसे होत नाही.

मराठी घरांत दोन्ही बाजूंचे पुरावे सापडतात. दिवसभर आईच्या मागे असलेला मुलगा ‘मी जाते’ म्हणतो, ते सरळ अनुकरण. पण ‘मी करलं’ कोणाचे ऐकून? घरात तसे कोणीच बोलत नाही. ‘बसलं’, ‘उठलं’ यांवरून मुलाने स्वतःच नियम काढलेला असतो.

तरीही प्रबलन निकालात निघाले नाही. मायकेल गोल्डस्टीन व सहकाऱ्यांच्या २००३ मधील प्रयोगात आठ महिन्यांच्या बाळांनी आवाज काढताच त्यांच्या आया हसून जवळ सरकत, स्पर्श करत. दुसऱ्या गटात प्रतिसाद तेवढाच, पण बाळाच्या आवाजाशी वेळ न जुळणारा. पहिल्या गटाची बडबड तेवढ्यात अधिक सुस्पष्ट, अक्षरयुक्त झाली. आयांनी नक्कल करायला एकही शब्द पुरवला नव्हता, हे इथे महत्त्वाचे. त्याच वर्षी पॅट्रिशिया कूल यांनी नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना मँडरिन ऐकवली. प्रत्यक्ष माणसाशी खेळताना त्यांना त्या भाषेतले ध्वनिभेद ओळखता येऊ लागले. तीच माणसे पडद्यावर दाखवली, तेव्हा काहीच शिकणे झाले नाही.