याकुतिया (साखा प्रजासत्ताक)

रशियन संघराज्याचा क्षेत्रफळाने सर्वांत मोठा घटक. सायबेरियाच्या ईशान्येला लेना, याना, इंदिगिर्का आणि कोलिमा या नद्यांच्या खोऱ्यांत पसरलेला. क्षेत्रफळ ३०,८३,५२३ चौ. किमी., म्हणजे भारताहून थोडेसेच कमी. लोकसंख्या मात्र ९,५८,५२८ (२०१०), नागपूर शहराच्या निम्मीही नाही. सुमारे ४० टक्के भूभाग उत्तर ध्रुववृत्तापलीकडे. राजधानी याकुत्स्क (३,५५,४४३, २०२१). ‘याकुत’ हे नाव रशियनांनी रूढ केले, येथील लोक स्वतःला साखा म्हणवतात (लोकसंख्येच्या ४९.९ टक्के; २०१०). त्यांची भाषा तुर्की कुळातली.

या प्रदेशाची ओळख बाहेर थंडीपुरतीच उरली आहे. व्हर्खोयान्स्क आणि ओइम्याकोन या गावांत पारा उणे ६७ अंशांखाली गेल्याच्या नोंदी आहेत, आणि जमीन खोलवर बारमाही गोठलेली असते. पण त्याच व्हर्खोयान्स्कला २० जून २०२० रोजी ३८° से. तापमान नोंदले गेले. ध्रुववृत्तापलीकडचा तो उच्चांक जागतिक हवामान संघटनेने पुढच्या वर्षी मान्य केला. साखा लोकांच्या वर्षाची सुरुवातही परंपरेने उन्हाळ्यातच होते, आणि ती इसिआखने होते.

इसिआख : ‘इसिआख’ म्हणजे शिंपण. शिंपायचे ते घोडीचे आंबवलेले दूध, कुमिस. सणाचा काळ जूनमध्ये का, हे कॅलेंडरापेक्षा घोडीच चांगले सांगते. वसंतात तिला शिंगरू होते, त्यानंतर दूध मिळू लागते, आणि तेही उन्हाळ्यापुरतेच. गाईची धार दिवसातून दोनदा काढून भागते. घोडीची दिवसातून अनेकदा काढावी लागते, शेजारी शिंगरू बांधून. निघते थोडेच. ते घुसळून आंबवले की आंबूस, किंचित फेसाळ, मद्याची पुसट झाक असलेले पेय तयार होते. सहा-सात महिने बर्फ उकरून गवत शोधणाऱ्या बुटक्या, केसाळ घोड्यांच्या मुलखात भरलेला कुमिसचा बुधला म्हणजे हिवाळा निभावल्याचा पुरावा.

कुमिस ज्यातून पितात तो चोरोन हा लाकडी पेला जवळून पाहण्यासारखा असतो. मधे फुगीर, वर निमुळता, अंगावर कोरीव नक्षीचे पट्टे. आणि पुष्कळदा खाली तीन पाय, टोकांना चक्क घोड्याचे खूर. अख्खा सण या एका भांड्यात मावतो म्हटले तरी चालेल.

विधी अल्गिसचित सांगतो. अल्गिस म्हणजे आशीर्वचन. पांढऱ्या वेषातला हा मानकरी आधी अग्नीला लोणी, पोळ्या आणि कुमिस देतो. मग घोड्याचे केस बांधलेल्या पळीने आकाशाकडे, झाडांकडे, जमिनीवर कुमिस शिंपडत देवतांना आवाहन करतो. सर्वांत वरचा उर्युंग आयी तोयोन, घोड्यांचा देव जोसोगोय, आणि इतरही. हातातली घोड्याच्या केसांची चवरी मानाची असते, शिवाय डास वारायलाही तीच. सायबेरियाचा उन्हाळा ज्याने अनुभवला त्याला यात विसंगती वाटणार नाही. भोवती भूर्जवृक्षांना सलामा बांधलेल्या असतात, म्हणजे घोड्याच्या केसांच्या दोरीला रंगीत चिंध्या लावलेली तोरणे. ‘सेर्गे’ हे घोडे बांधायचे कोरीव खांब आता बहुतेक ठिकाणी घोड्यांविनाच उभे असतात, पण त्यांच्याशिवाय मैदान सजले असे कोणी मानत नाही.

मग ओसुओखाय, म्हणजे फेर. हातात हात गुंफून प्रदक्षिणेच्या दिशेने, सूर्याच्या चालीने सरकत जायचे. पुढचा गायक ओळ रचून सोडतो, बाकीचे ती उचलतात. ओळी आयत्या वेळी सुचाव्या लागतात, म्हणून चांगल्या गायकाभोवतीचा फेर वाढत जातो आणि अडखळणाऱ्याभोवतीची माणसे हळूच दुसऱ्या फेरात निसटतात. २०१२ साली याकुत्स्कच्या सणात १५,२९३ जणांनी एकत्र फेर धरून गिनीज बुकात नोंद मिळवली. विक्रमांची ही हौस अलीकडची. फेराला खरे तर आकड्याची गरज नव्हती.

याकुत्स्कच्या अक्षांशावर जूनअखेरीस मावळलेला सूर्य साधारण चार तासांत पुन्हा वर येतो, आणि मधल्या वेळातही काळोख म्हणावा असा होतच नाही. त्यामुळे कोणी झोपायला जात नाही. पहाटे हजारो माणसे पूर्वेकडे तोंड करून, तळहात उगवत्या बिंबाकडे धरून उभी राहतात.

खेळांत मास-रेसलिंग पाहण्याजोगे : दोघे समोरासमोर बसून मधल्या फळीला पाय टेकतात आणि एकच दांडा चार हातांनी ओढतात. दांडा हिसकावला किंवा प्रतिस्पर्ध्याला फळीवरून आपल्याकडे उचलून आणला की जिंकले. हापसागाय ही कुस्ती, घोड्यांच्या शर्यती, एका पायावरच्या आणि सशाप्रमाणे दोन्ही पायांवरच्या उड्या, शंभर किलोहून जड दगड उचलून चालणे हे निराळेच. सतराव्या शतकातल्या दिगिन या सरदाराच्या नावाने भरणाऱ्या ‘दिगिनच्या खेळां’त एकाच माणसाला हे बहुतेक सारे प्रकार पार पाडावे लागतात.

पहिला इसिआख एल्लेय नावाच्या पूर्वजाने केला, अशी आख्यायिका. श्रीमंत ओमोगोयच्या दोन मुलींपैकी त्याने नावडती पसंत केली. चिडलेल्या सासऱ्याने फारसे काही न देता दोघांना वाटेला लावले. एल्लेयने शेणाची धुनी पेटवली. डासांनी हैराण झालेली ओमोगोयची गुरे आपसूक धुराकडे चालत आली. जावयाच्या युक्तीची ही गोष्ट सणाच्या उगमापेक्षा उन्हाळ्याबद्दल अधिक सांगते.

प्रत्यक्ष पुरावे त्यामानाने अलीकडचे. ब्रिटिश म्युझियममध्ये मॅमथच्या हस्तिदंतात कोरलेली इसिआखची प्रतिकृती आहे. १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात ती मांडली होती. हद्दपारीत येथे राहिलेले पोलिश लेखक वात्सवाव शेरोशेव्स्की यांनी १८९६ मध्ये साखांवर मोठा ग्रंथ लिहिला. मानववंश-अभ्यासक योखेलसन यांचा कुमिस-उत्सवांवरील निबंध १९०६ चा. तोपर्यंत गुरे वाढून घोड्या कमी झाल्या होत्या, आणि धनिकांच्या खर्चाने होणारे मोठे सण विरळ झाले होते. सोव्हिएत काळात प्रार्थना गेली, भाषणे आली. १९४५ चा विजयाचा इसिआख युद्ध आणि उपासमार सोसलेल्या पिढीच्या आठवणीत राहिला. १९९१ पासून इसिआख प्रजासत्ताकाची अधिकृत सुटी आहे. खेड्यापाड्यांचे सण जूनच्या सुरुवातीपासून चालतात; राजधानीचा ‘तुइमादा इसिआख’ जूनमधल्या अयनदिनाच्या सुमारास शहराबाहेर उस खातिन (तीन भूर्ज) या ठिकाणी भरतो. २०२० मध्ये साथीमुळे तेथे गर्दी जमू दिली नव्हती.

वाङ्मय व संगीत : ओलोन्खो या मौखिक महाकाव्यपरंपरेला युनेस्कोने २००५ मध्ये मान्यता दिली. साखा लेखक प्लातोन ओयून्स्की यांनी एक ओलोन्खो समग्र लिहून काढला. अटकेत असतानाच १९३९ मध्ये त्यांचा मृत्यू झाला. खोमुस हे दातांपाशी धरून वाजवायचे लोखंडी वाद्य, राजस्थानी मोरचंगाचे भावंड. त्याचे संग्रहालय याकुत्स्कला आहे (स्थापना १९९०).

इतिहास : रशियन अधिकारी प्योत्र बेकेतोव्हने १६३२ मध्ये लेनाकाठी गढी बांधली. त्यानंतर कातड्यांच्या रूपातला कर. १९२२ मध्ये स्वायत्त प्रजासत्ताक.

अर्थव्यवस्था : हिरे, सोने, कोळसा, नैसर्गिक वायू. रशियाचे बहुतेक हिरे येथलेच. मीर खाणीचा शोध १९५५ चा. येथून निघालेल्या कच्च्या हिऱ्यांना पैलू पाडण्याचे बरेचसे काम सुरतेत होते.

दळणवळण : लोहमार्ग लेनेच्या पैलतीरावरील निझनी बेस्त्याखपर्यंत, प्रवासी गाड्या २०१९ पासून. याकुत्स्कजवळ नदीवर पुलाचे काम हाती घेतलेले आहे. पूल होईपर्यंत हिवाळ्यात बर्फावरून मोटारी, उन्हाळ्यात फेरीबोट. आणि बर्फ धड घट्ट नाही, धड फुटलेलेही नाही अशा मधल्या आठवड्यांत हॉवरक्राफ्ट.