दारूला ऊन देणारा हवालदार

गडावर गेलेला माणूस तोफेपाशी थांबतो. दारूकोठाराच्या पडक्या भिंतींकडे फारसे कोणी वळत नाही. पण तोफेचा दरारा कोठारातली दारू कोरडी असेपर्यंतच. सह्याद्रीत चार महिने धुके गडावरच मुक्कामाला असते. दारूतला कोळसा ओल शोषतो, शोरा नीट शुद्ध केलेला नसला तर त्यातले क्षारही पाणी ओढतात, आणि दारू पेट घेईनाशी होते. कोठाराला ठिणगी आणि ओल अशा दोन शत्रूंशी एकदम लढावे लागे. पंचाईत अशी, की ठिणगीच्या भीतीने सगळे बंद केले तर ओल कोंडते, आणि वारा खेळता ठेवला तर ठिणगीला वाट मिळते.

1715 च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे सिद्ध झालेल्या 'आज्ञापत्र' या मराठेशाहीतल्या राजनीतिग्रंथात या पेचावर मोजक्या ओळी आहेत, आणि त्यांत एकही शब्द वायफळ नाही. दारूखाना घराजवळ नको, घराच्या वाऱ्याखालीही नको. चुलीतली ठिणगी कुठवर उडते हे पंतांनी पाहिलेले असणार. दारू तळघरात ठेवायची, पण त्या तळघराला चुन्याचा गच्च हवा, आत माच हवी आणि दारूची मडकी त्या माचेवर. जमिनीची ओल मडक्यापर्यंत पोचता कामा नये. पहारा रात्रंदिवस, परवानगीशिवाय आसपास कोणी फिरकायचे नाही. मला सगळ्यात आवडते ते पुढचे कलम. दर आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने येऊन दारू, बाण बाहेर काढायचे, त्यांना ऊन द्यायचे आणि पुन्हा मोहोर करून ठेवायचे. एकाच कामात वाळवण, तपासणी आणि शिल्लकेचा हिशेब! सरकारी गोदामांत आजही हे तिन्ही एकत्र घडले तर नवल वाटावे.

त्याच्या थोडे आधी फ्रान्समध्ये व्होबाँ हा दुर्गरचनाकार जाड कमानींची कोठारे बांधत होता. जमिनीपासून उचललेली लाकडी तक्तपोशी त्याच्याकडेही होती. वायुवीजनाची भोके मात्र त्याने भिंतीतून वळणे देऊन काढली: वारा वळून आत जातो, ठिणगी वळत नाही. पेचावर याहून सुबक तोड क्वचितच निघाली असेल.

विसाव्या शतकात मडक्यांच्या जागी हजारो टनांचे ढीग आले. खतातही आणि स्फोटकातही जाणारे अमोनियम नायट्रेट ओल धरते आणि दगडासारखे बसते. जर्मनीत ओप्पाऊच्या खत कारखान्यात ते अमोनियम सल्फेटबरोबर मिसळून सायलोत साठवलेले असे. बसलेला ढीग तिथे चक्क सुरुंग लावून फोडत, आणि एरवी ते निभावूनही जाई. 21 सप्टेंबर 1921 ला निभावले नाही. सायलोत सुमारे 4,500 टन माल होता. 500 हून अधिक माणसे गेली. तेव्हा ओल ही फक्त माल नासण्याची बाब उरली नाही. पुढे गोळीदार दाणे आणि त्यांवर न चिकटू देणारा लेप आला.

भारतात 2012 पासून अमोनियम नायट्रेटसाठी वेगळे नियम आहेत. त्यांचा कारभार नागपूरला मुख्यालय असलेली पेसो ही संस्था पाहते. ऑगस्ट 2020 मध्ये बैरूत बंदरात वर्षानुवर्षे पडून राहिलेला त्याचाच जप्तीचा साठा उडाला, आणि पुढच्याच वर्षी आपल्याकडे नियमांत दुरुस्ती झाली: बंदरात उतरलेले अमोनियम नायट्रेट तिथे ठेवायचे नाही, बंदराच्या हद्दीपलीकडे 500 मीटरवरच्या गोदामात हलवायचे.