उलट्या आट्यांची गोष्ट

मागच्या पावसाळ्यात मी स्टीलची एक नवी, रिकामी फ्रेम घेतली. सात-आठ महिने पैसे साठवून. बाकीचे पार्ट जुन्या सायकलचे लावायचे, सगळं घरीच जोडायचं, असा बेत होता. सुरुवात बॉटम ब्रॅकेटपासून. दोन्ही पायडलांचे क्रँक ज्या आसावर फिरतात, तो आस आणि त्याचे बेअरिंग फ्रेमच्या तळाच्या आडव्या नळीत बसवायचे. दोन बाजूंना दोन कप, आत आटे. बाटलीला झाकण लावण्याइतकं सोपं, असं मला वाटलं.

मी डावीकडचा कप उजवीकडे लावला आणि घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवला. जाईना, म्हणून लांब दांड्याचा पाना घेतला. ‘कर्र’ आवाज आला आणि माझ्या पोटात गोळा आला. फ्रेमचे पहिले दोन आटे चेपले होते. कपावर बाजूचं अक्षर आणि बाण दोन्ही कोरलेले होते. मी दिवसभर इतरांना ‘आधी डॉक्युमेंटेशन वाचा’ सांगणारा माणूस, तो बाण काही वाचला नव्हता.

उजव्या बाजूचे आटे उलटे असतात. पण का? त्या रात्री झोप येईना, म्हणून हे शोधत बसलो.

आधीच्या उंच चाकाच्या सायकलींना बॉटम ब्रॅकेट नव्हताच. पायडल थेट पुढच्या चाकाला जोडलेले असत. १८८५ मध्ये कव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्लीने ‘रोव्हर’ सेफ्टी सायकल आणली. दोन जवळपास सारखी चाकं, मागच्या चाकाला चेन आणि पायडल मधोमध. पायडल चाकावरून निघाले म्हटल्यावर त्यांना फ्रेममध्ये स्वतःचं घर लागलं. तेच हे घर.

या घराचे आटे आजही ‘बीएसए’ नावाने ओळखले जातात. आपल्या पिढीला बीएसए म्हटलं की शाळेच्या स्टँडमधली लेडीबर्ड आठवते. पण पूर्ण नाव आहे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स. १८६१ मध्ये बंदूक बनवणाऱ्या कारागिरांनी एकत्र येऊन काढलेली कंपनी. तिच्या बोधचिन्हात तीन रायफली एकमेकींना टेकवलेल्या असत. यंत्रावर एकसारखे पार्ट बनवायचे, कुठलाही पार्ट कुठल्याही बंदुकीत बसला पाहिजे, ही त्या धंद्याची शिस्त. बंदुकांच्या ऑर्डरी थंडावल्या की यंत्रं रिकामी राहत, म्हणून १८८० च्या सुमारास कंपनी सायकलीत उतरली. पुढे तिचे सुटे भाग इतर सायकलवालेही वापरू लागले. भारतात या नावाच्या सायकली मद्रासच्या टीआय सायकल्सने बनवल्या. मुरुगप्पा समूह आणि ब्रिटनची ट्यूब इन्व्हेस्टमेंट्स यांनी १९४९ मध्ये ती उभी केली.

बीएसएचं माप आहे १.३७ इंच व्यास, इंचाला २४ आटे. पण तेव्हा ज्याचं त्याचं माप वेगळं होतं. नॉटिंगहॅमची रॅले स्वतःचे इंचाला २६ आटे पाडायची. फ्रेंचांचं माप ३५ मिलिमीटर, इटालियनांचं ३६. आणि या दोघांचे आटे दोन्हीकडे सरळ.

इथे खरी गंमत आहे. सायकल पुढे जाताना उजवीकडून पाहिलं तर आस घड्याळाच्या दिशेने फिरतो. म्हणजे घर्षणामुळे कपही त्याच दिशेने ओढला जाईल आणि सरळ आटे आपोआप घट्ट होतील, असं कुणालाही वाटेल. घडतं उलटं. एक पेन मुठीत सैल धरा आणि त्याचं टोक दुसऱ्या हाताने गोल फिरवा. टोक ज्या दिशेने फिरतं, त्याच्या विरुद्ध दिशेने पेन मुठीत स्वतःभोवती वळतं. कपाचंही तसंच होतं. भार आणि फिरणं मिळून त्याला आसाच्या उलट दिशेने कणाकणाने सरकवतात. म्हणून उजवीकडे उलटे आटे पाडले, की चालवता चालवता कप घट्टच होत जातो. इटालियन फ्रेमचा उजवा कप सैल होतो ही जुनी तक्रार आहे, आणि मेकॅनिक तिथे आट्यांना चिकटद्रव्य लावतात.

शेवटी इंग्लिश माप जगभर पसरलं. त्यात ब्रिटिश निर्यातीचा हात होता आणि जपानी कंपन्यांनी तेच माप उचलल्याचाही. फ्रेंच माप मागे पडलं. आपल्या नाक्यावरचे मेकॅनिक आजही छर्रे आणि ग्रीस घेऊन हे काम फुटपाथवर करतात, ते माप ठरलेलं आहे म्हणूनच.

मग कार्बनच्या फ्रेम आल्या. कार्बनमध्ये थेट आटे पाडता येत नाहीत, धातूची नळी बसवावी लागते आणि वजन वाढतं. २००० च्या सुमारास कॅननडेलने बीबी३० आणलं. आटेच काढून टाकले, बेअरिंग ४२ मिलिमीटरच्या भोकात दाबून बसवायचे, आस ३० मिलिमीटर जाड. कागदावर हलकं आणि मजबूत. पाठोपाठ ४१, ४६ अशी मापं आली. पण दाबून बसवायचं तर भोक अगदी नेमकं हवं. साच्यातून निघणाऱ्या फ्रेममध्ये ते नेहमी साधत नाही. मग प्रत्येक पायडलला ‘कुर्र, कुर्र’. लाखांच्या सायकली असा आवाज करू लागल्या.

२०१५ मध्ये अमेरिकेतल्या क्रिस किंग आणि आर्गोनॉट यांनी टी४७ मांडलं. ४७ मिलिमीटरचा व्यास आणि पुन्हा आटे, उजवीकडे उलटेच. २०२० मध्ये ट्रेकने आपल्या एमोंडाला तेच घेतलं. आमच्याकडेही हे चालतं. जुना कोड कुणालाच आवडत नाही. कुणीतरी उत्साहाने तो उडवतो, मग बग येतात, आणि कळतं की ती विचित्र ओळ उगाच नव्हती.

माझ्या फ्रेमचं सांगायचं राहिलं. दुसऱ्या दिवशी ती खांद्यावर टाकून मेकॅनिककाकांकडे गेलो. त्यांनी आत बोट फिरवलं आणि विचारलं, “जोर लावला ना?” मी मान खाली घातली. त्यांनी तेल सोडून टॅप अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे असा सावकाश फिरवला. आटे वाचले. नसते वाचले तर? “तर इटालियन पाडले असते,” काका म्हणाले. १.३७ इंच म्हणजे ३४.८ मिलिमीटर. भोक मोठं करून ३६ चे आटे पाडता येतात. जे माप स्पर्धेत हरलं, ते फाटलेल्या फ्रेमला ठिगळ म्हणून अजून उपयोगी पडतं.

मग त्यांनी उजवा कप माझ्या हातात दिला आणि पाना स्वतःच्या मागे ठेवला. “आधी बोटांनी. बोटांनी गेला नाही, तर तू चुकतोयस.”

मी तो उलटा फिरवला. शेवटपर्यंत बोटांनीच गेला.